आयुष्याला हेतू आणायचा कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागच्या एका जुन्या वाचनालयात दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आम्ही दहा-पंधरा जण बसतो. मी पोस्टात अडतीस वर्षं काउंटरवर काढली, २०१८ साली निवृत्त झाले. समुपदेशक नाही, कुणाची गुरू तर नाहीच. पण काउंटरपलीकडून इतकी वर्षं माणसं बघितली की लोक आपोआप विचारायला लागतात. प्रश्न चिठ्ठीवर येतात, मोबाईलवर येतात, जिना उतरताना हळूच येतात. तेच ते फिरून येतात म्हणून एकदा लिहून काढले. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

१. आयुष्याचा हेतू म्हणजे नेमकं काय? ध्येय आणि हेतू एकच ना?

एक नव्हेत. ध्येय गाठलं की संपतं. डोंबिवलीत वन बीएचके घेणं हे ध्येय. ताबा मिळाला, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले, की मागे हप्ते उरतात. हेतू असा हातावेगळा होत नाही.

विल्यम डेमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या मला कामाची वाटते. तिचा मथितार्थ असा: जे स्वतःला मोलाचं वाटतं, ज्यातून आपल्यापलीकडे कुणाचं तरी काही होतं आणि ज्यामागे आपण टिकून राहतो, तो हेतू. तिन्ही गोष्टी लागतात. नुसतं स्वतःला मोलाचं असेल तर तो छंद, आणि छंदात वाईट काहीच नाही. नुसता दुसऱ्याचा फायदा असेल तर ती वेठ (त्याबद्दल प्रश्न ११ वाचा). आणि टिकणंच नसेल तर तो १ जानेवारीचा संकल्प.

हे सगळं मी एका मराठी क्रियापदात बसवते: अडणं. आपण नसलो तर कुणाचं, काय अडतं? खालच्या बहुतेक उत्तरांत हा शब्द येईल, कंटाळू नका.

२. माझ्या आजोबांनी गिरणीत आयुष्य काढलं. त्यांना कधी हा प्रश्न पडला नाही. मग आपल्यालाच का पडतो? हे जरा सुखवस्तू दुखणं नाही का?

थोडं आहे. पण आजोबांना प्रश्न पडला नाही याचं कारण वेगळं आहे. त्यांना उत्तर आयतं मिळालं होतं, आणि ते दर महिन्याला माझ्या काउंटरवर यायचं.

पगाराच्या दिवशी आमच्या पोस्टात रांग दारापर्यंत जायची. पैसे जायचे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगलीला. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुरासाठी इवलीशी जागा असे. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा मजकूर मी लिहायचे. एक साच्यावरचे (मागावरचे) कामगार दर महिन्याला तेच सांगत: "पैसे पाठविले आहेत. म्हशीची काळजी घेणे. मी खुशाल आहे." एकदा मी विचारलं, "काका, दरवेळी म्हैस आधी आणि तुम्ही नंतर?" म्हणाले, "ताई, मी खुशाल नसलो तरी चालंल, म्हैस आटली तर पोरं दुधाला मुकतील." खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत. पण त्या माणसाला आपण कशासाठी राबतो याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले बरेच जण कधीच आत गेले नाहीत. तेव्हा मी नोकरीत नवी होते. पगार गेला हे सगळ्यांना दिसलं. पोस्टाच्या खिडकीतून आणखी एक दिसलं: माणसं मनीऑर्डर करायची नसतानाही पगाराच्या तारखेला येऊन बाकावर बसायची. घरात ते आता कुणाला लागत नव्हते, निदान त्यांना तसं वाटत होतं. त्यांनी "माझ्या जगण्याचं प्रयोजन काय" असले शब्द वापरले नाहीत. "आता घरात बसून काय करू" एवढंच म्हणाले. प्रश्न तोच आहे.

तेव्हा तुम्हाला हा प्रश्न पडतो यात लाजण्यासारखं काही नाही. आयतं उत्तर मिळायचं बंद झालं, इतकंच.

३. हेतू नसला तर बिघडतं काय? खातो-पितो, मजेत आहे.

मजेत असाल तर काहीच बिघडत नाही. खरंच. पुढचं वाचू नका, चौपाटीवर जा.

अभ्यासकांचं म्हणाल तर २०१४ साली अमेरिकेतल्या सुमारे सहा हजार प्रौढांचा चौदा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. ज्यांनी सुरुवातीला आयुष्याला दिशा आहे असं सांगितलं होतं त्यांच्यात त्या काळात मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं, तरुण आणि म्हातारे दोघांतही. मात्र यावरून हेतू असला की आयुष्य वाढतं असं ठोकून देऊ नका. दोन गोष्टी बरोबर चालतात एवढंच यातून कळतं. कोण कुणाला ओढतं ते कळत नाही.

४. सुरुवात कुठून करू? डोकं खाजवून दमले.

डोकं खाजवणं बंद करण्यापासून. खोलीत बसून, डोळे मिटून "मी कशासाठी जन्मले" असं विचारलं की बहुधा झोप येते.

आमच्या बैठकीत एक साधी वही चालते. पंधरा दिवस, रोज रात्री दोन ओळी. पहिली: आज कुणाचं काय अडलं होतं आणि ते माझ्या नजरेला पडलं? दुसरी: त्यातलं काय बघून मला राहवलं नाही, किंवा चीड आली? मदत केलीच पाहिजे असं नाही. नुसतं नोंदवायचं. पंधराव्या दिवशी वही उलटून बघा. एकाच जातीच्या गोष्टी पुन्हापुन्हा दिसतात. एका रिक्षावाल्यांच्या वहीत नऊ वेळा आलं होतं की हॉस्पिटलच्या दाराशी उतरणाऱ्या बाहेरगावच्या माणसांना पुढे कुठे जायचं तेच कळत नाही. केसपेपर कुठे, रक्ततपासणी कुठे, धर्मशाळा कुठे. आता ते आठवड्यात एक सकाळ परळला दाराशी उभे राहतात. रिक्षा बंद करून.

चीड आणि भीती यांना कमी लेखू नका. लोक "अंतरीची हाक" शोधत बसतात आणि हाक बऱ्याचदा शिसारीच्या रूपात येते. बाबा आमटे वरोड्याला वकिली करत होते. पावसात गटाराच्या कडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला आणि ते घाबरून पळाले. आपण पळालो ही गोष्ट त्यांना बोचत राहिली, ते परत गेले, त्याची शुश्रूषा केली. आनंदवन त्या बोचणीतून उभं राहिलं. मुंबईतलंच उदाहरण हवं असेल तर अफरोज शाह. पेशाने वकील. वर्सोव्याच्या किनाऱ्याजवळ राहायला आले आणि समोर वाळूऐवजी प्लास्टिकचा थर दिसला. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका शेजाऱ्याला बरोबर घेऊन हाताने कचरा उचलायला सुरुवात केली. दोन माणसं. पुढे हजारो स्वयंसेवक आले, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला. पण पहिल्या दिवशी दोनच माणसं होती आणि त्यातल्या एकाचे गुडघे चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

५. "आपली आवड ओळखा" असं सगळे सांगतात. मला कशाचीच आवड नाही. माझ्यात काही खोट आहे का?

खोट त्या सल्ल्यात आहे. आवड आत कुठेतरी तयार पडलेली असते, फक्त उकरून काढायची, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. २०१८ साली ओ'कीफ, ड्वेक आणि वॉल्टन या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. ज्यांना वाटतं की आवड जन्मजात ठरलेली असते, त्यांना नवा विषय सुरुवातीला रोचक वाटला तरी तो जड जायला लागताच त्यांचा रस पटकन आटतो. "म्हणजे ही माझी आवड नव्हतीच" असं म्हणून ते सोडून देतात. आवड हळूहळू घडते असं मानणारे अधिक तग धरतात.

आमच्याकडे भांडुपचा एक मुलगा येतो. वय सव्वीस, एका कुरिअर गोदामात हिशेब ठेवतो. आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद निघाले, सगळे मोडी लिपीत. वाचून घ्यायला माणूस मिळेना म्हणून चिडून स्वतःच वर्गाला गेला. पहिले चार महिने त्याला मोडीचा अक्षरशः राग यायचा. आधी आडवी रेघ ओढायची, मग लेखणी न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचं, दोन शब्दांत जागा नाही, "व" कुठे संपला आणि पुढचं कुठे सुरू झालं ते कळत नाही. त्याची वही मी पाहिली आहे. पहिल्या पानांवर कोंबडीचे पाय, मधेच एक पान रागाने फाडलेलं. पाचव्या महिन्यात त्याने आजोबांच्या कागदातला पहिला पूर्ण शब्द लावला. तो शब्द होता "बांध". आता लोक त्याच्याकडे आपापल्या ट्रंकेतले कागद घेऊन येतात. त्याला विचारा, मोडीची आवड होती का? हसतो.

६. इकिगाईची चार वर्तुळं भरली. आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते, पैसे मिळतात ते. मधल्या जागेत काहीच येत नाही. काय चुकलं?

काही चुकलं नाही. ती वर्तुळं मुळात जपानी नाहीतच. "इकिगाई" (जगण्याला कारण) हा शब्द जपानी खरा, पण चार वर्तुळांची आकृती स्पेनमधून आलेली. २०१४ साली एका ब्लॉगलेखकाने त्या आकृतीच्या मधोमध "इकिगाई" लिहिलं आणि तेच चित्र जगभर फिरलं. जपानी माणूस नातवाला शाळेत सोडण्यालाही इकिगाई म्हणेल. त्यात पैसे मिळण्याची अट कुठून आली?

या विषयावर जपानमध्ये मुळात लिहिलं ते मियेको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी, १९६६ साली. त्या कुष्ठरोग्यांच्या बेटावर काम करत. पगार, करिअर, बाजारातली मागणी यांतलं काहीही नसलेल्या माणसांकडे बघून त्या हे शिकल्या. तुमचा कागद फाडून टाका. चौथं वर्तुळ तर आधी.

७. नोकरीतूनच हेतू मिळायला हवा का? माझी नोकरी म्हणजे एक्सेलमध्ये रकाने भरणं.

मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर नोकरी पैसे देते, तिचे आभार मानावेत.

एमी व्रेझनिएव्हस्की या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९७ साली दाखवलं की लोक कामाकडे साधारण तीन नजरांनी बघतात: पोटापाण्याची नोकरी, बढतीची शिडी किंवा आपलं मानलेलं काम. गंमत अशी की एकाच हुद्द्यावरच्या कारकुनांतही हे तिन्ही प्रकार जवळजवळ सारखेच सापडले. म्हणजे हुद्द्यावर सगळं अवलंबून नाही. पुढे हॉस्पिटलातल्या सफाई कामगारांचा अभ्यास झाला, त्यात काही जण "फरशी पुसतो" म्हणाले, तर काही जण रुग्ण बरा होण्यात आपला हात आहे असं मानून नेमून न दिलेलीही कामं करत होते.

पण एक सांगते, हा अभ्यास वाचून साहेब लोक फार खूश होतात. पगार वाढवायला नको, "हेतू" वाटला की झालं. तसलं कुणी तुमच्या गळ्यात मारत असेल तर आधी ओव्हरटाइमचं विचारा.

आमच्या काउंटरवर शिक्के मारणं हे काम होतं. मजकूर लिहून देणं कामात बसत नव्हतं, वरिष्ठांनी दोनदा टोकलंही, रांग खोळंबते म्हणून. त्यांचंही बरोबर होतं. मी जेवणाच्या सुट्टीत लिहायला लागले.

८. पहाटे कर्जतहून निघते, रात्री साडेनऊला घरी. हेतूसाठी वेळ काढू कुठून?

काढू नका. मूल लहान असेल, घरात आजारी माणूस असेल, दिवसाचे चार तास गाडीत जात असतील, तर हा काळ नुसता पार पाडणं पुरेसं आहे. गाडीत जागा मिळाली तर झोपा. भजनी मंडळं गाडीत टाळ वाजवतात, डब्यात भाज्या निवडल्या जातात, चौथ्या सीटवरून मैत्रिणींचे संसार सावरले जातात. त्यातलं काही तुमचं होईल किंवा होणार नाही. प्रश्न ४ मधली वही दोन ओळींची आहे, ती मात्र उभ्याने मोबाईलवरही लिहिता येते.

९. निवृत्त झालो. वयाच्या साठीनंतर नवा हेतू वगैरे शक्य आहे का?

यावर जरा मोठं उत्तर देते, कारण यातून मी स्वतः गेले आहे.

निवृत्तीनंतर पहिल्या सोमवारी मी साडेपाचला उठून डबा भरला. पोळ्या गुंडाळल्या, भाजीच्या डब्याचं झाकण दाबलं, पिशवीत घातला, चप्पल घालायला गेले आणि आठवलं. तो डबा मी दुपारी एकला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून खाल्ला. डब्यातूनच. ताटात काढून घ्यावंसं वाटलं नाही. पुढचे सात-आठ महिने वाईट गेले. एका संस्थेत समाजसेवा करायला गेले, तर तिथे वह्यावाटपाच्या फोटोत उभं राहण्यापलीकडे काम नव्हतं. मुलं ताटकळत उभी, पाहुण्यांची गाडी ट्रॅफिकमध्ये. तीन कार्यक्रमांनंतर सोडलं.

मग चाळीतल्या एका आजींचं पेन्शन अडलं. हयातीचा दाखला गेला नव्हता, बोटांचे ठसे मशीनवर उमटत नव्हते. अडतीस वर्षं खिडकीच्या आत बसलेल्या बाईला खिडकीच्या बाहेर कुठे उभं राहायचं ते बरोबर कळतं. त्यांचं काम झालं. आठवड्यात आणखी चार आज्या दारात. दर नोव्हेंबरात आता माझ्याकडे रांग असते.

यातून मला एवढंच उमगलं की साठीनंतर नवं काही जन्माला घालावं लागत नाही, जुन्या हाताला नवं गिऱ्हाईक लागतं. अर्थात कुणी साफ नवंही करतं. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. महिला विद्यापीठ सुरू केलं १९१६ साली. वजाबाकी करा. राज्य सरकारी माणूस ज्या वयात सत्कारातलं श्रीफळ घेऊन घरी जातो त्या वयात त्यांनी विद्यापीठ काढलं. पुढे ते १०४ वर्षं जगले, तेव्हा त्यांच्याकडे वेळ भरपूर होता म्हणा.

१०. मुलगी हाच माझा हेतू होता. ती टोरंटोला गेली. आता?

पहिलं, हेतू पुरा झाला म्हणून रिकामं वाटतंय. फसला म्हणून नव्हे. हा फरक स्वतःला सांगत राहा, कारण मन दोन्हींची गल्लत करतं.

दुसरं जरा कडू आहे. माणूस हा हेतू ठेवला की त्या माणसावर ओझं येतं. तिकडे मुलीला फोन उचलायला उशीर झाला की इकडे आईचं आयुष्य निरर्थक होतं, हे त्या पोरीने कसं पेलावं? तुम्ही मुलगी वाढवलीत म्हणजे नेमकं काय केलंत ते सुटं करून बघा. कुणी अभ्यास घेतला असेल, कुणी आजारपणं काढली असतील, कुणी तिच्यासाठी घरच्यांशी भांडण घेतलं असेल. ते कसब अजून तुमच्याकडेच आहे, टोरंटोला गेलेलं नाही. पुढचं प्रश्न ९ मध्ये आलंय.

११. तुम्ही म्हणता कुणाचं तरी अडायला हवं. माझ्यावाचून घरात सगळ्यांचंच अडतं. सासूबाईंचं औषध, नवऱ्याचा डबा, मुलांची शाळा. तरी मला आतून रितं वाटतं. मग?

हा प्रश्न आला तेव्हा मी निरुत्तर झाले होते. पुढच्या बैठकीपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजचंही अर्धंच आहे.

अडणं आणि गृहीत धरणं यांत फरक आहे. नळाला पाणी आलं नाही की सगळ्यांचं अडतं, म्हणून नळाला आयुष्याचा अर्थ सापडलाय असं आपण म्हणत नाही. तुमच्या कामात निवड कुठे होती? डेमनच्या व्याख्येतली पहिली अट (प्रश्न १) तीच आहे, स्वतःला मोलाचं वाटणं. ती वगळली की दिवसाला सोळा तास उपयोगी पडूनही माणूस कोरडा राहतो.

उपाय म्हणून आणखी एक समाजकार्य अंगावर घेऊ नका. आधी एक गोष्ट सोडा. ज्या बाईंनी हे विचारलं त्यांनी रविवारी संध्याकाळचा स्वयंपाक सोडला. पहिल्या रविवारी घरात काय झालं ते त्यांनी सांगितलं: नवऱ्याने कुकरला शिट्टीच लावली नाही, सासूबाई बोलल्या नाहीत, मुलांनी मॅगी खाल्ली आणि ती त्यांना पोळी-भाजीपेक्षा जास्त आवडली. त्या दोन तासांत बाई काय करतात हे अजून ठरलेलं नाही. मधे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नुसत्या बसत होत्या. बसू देत.

१२. चार वर्षं एमपीएससी दिली. अधिकारी होऊन लोकांची सेवा हाच हेतू होता. आता वय गेलं. सगळं संपलं?

पद संपलं. हेतूचं अजून बघायचं आहे.

कागदावर लिहा: खुर्ची मिळाली असती तर पहिल्या महिन्यात कुठलं काम केलं असतं? "लोकांची सेवा" असं गुळमुळीत नको, गावाचं आणि कामाचं नाव हवं. यादी झाली तर ती बहुतेक खुर्चीशिवायही सुरू करता येते: माहितीचा अधिकार, ग्रामसभा, दाखल्यांची कामं. या परीक्षेच्या अभ्यासाने कायदा आणि कारभार इतका पाठ झालेला असतो की गावाला असा माणूस सोन्याच्या मोलाचा. आणि यादी झालीच नाही, फक्त लाल दिवा आठवत राहिला, तर हवं होतं ते पद होतं. त्यात पाप नाही. मानाची नोकरी हवीशी वाटणं माणसासारखं आहे. पण मग दुःख नोकरीचं करा, अख्ख्या आयुष्याचं नको.

१३. आपल्या धर्मात, संतांच्या शिकवणीत याचं उत्तर नाही का? पाश्चात्त्य अभ्यास कशाला?

आहे की. चार पुरुषार्थ सांगितलेत: धर्म, अर्थ, काम, मोक्ष. त्यात पैसा आणि सुख यांनाही मानाची जागा आहे, हे विसरून लोक उगाच अपराधी होतात. सावता माळी अरणच्या आपल्या मळ्यातच रमले, विठोबाच त्यांच्या भेटीला आला असं परंपरा सांगते. वारकऱ्यांचा हा धडा मला कुठल्याही अभ्यासापेक्षा जवळचा आहे: हातातलं काम आणि भक्ती वेगळी काढायची गरज नाही.

पण "स्वधर्म" हा शब्द जपून वापरा. जन्मावरून कामं वाटून देणाऱ्यांनी तो शतकानुशतकं वापरला. "हेच तुझं काम, यातच समाधान मान" हे कुणी कुणाला सांगितलं ते बघावं लागतं. आमच्या वाचनालयापासून फार लांब नाही, परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर बरीच वर्षं राहिले. जन्माने वाट्याला आलेलं "प्रयोजन" त्यांनी नाकारलं, आणि ते नाकारणं हेच लाखोंच्या जगण्याचं कारण झालं. तेव्हा दुसऱ्याने नेमून दिलेला हेतू झुगारणं हासुद्धा हेतू असू शकतो.

१४. "लाइफ पर्पज" शिबिर आहे लोणावळ्याला, दोन दिवस, पंधरा हजार. जाऊ का?

हवा बदलायला जायचं असेल तर जा. तेवढ्या पैशांत तिघांची सहल होईल.

१५. एका कामात हेतू सापडला होता. पाच वर्षांनी तो विटला. मी चंचल आहे का?

नाही. टिकून राहणं म्हणजे आजन्म कारावास नव्हे. काम सोडताना एकच पाळा: जे तुमच्यावर अडलंय ते दुसऱ्याच्या हाती देऊन मग निघा.

१६. सकाळी उठावंसंच वाटत नाही. कशात रस नाही, झोप नाही, कधी कधी जगूच नये असं वाटतं. हेतू सापडला तर बरं वाटेल का?

हा प्रश्न इथे चुकीच्या खिडकीवर आलाय, आणि मी तुम्हाला योग्य खिडकीवर पाठवणार आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं असेल तर हे नैराश्य असू शकतं. नैराश्यात हेतू दिसत नाही कारण आजार तेच करतो, चष्म्यावर वाफ धरल्यासारखं. आधी वाफ पुसायची. केईएम, नायर, सायन, जेजे या सगळ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढून सरळ जाता येतं.

जगू नये असा विचार येत असेल तर दोन आठवड्यांची वाट बघू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन लावा, आणि घरातल्या एका माणसाला आजच सांगा. त्या माणसाला काय सांगावं ते सुचत नसेल तर हा परिच्छेद त्याला वाचायला द्या. वरची वही, वर्तुळं सगळं नंतर.

१७. नवऱ्यावर टाटामध्ये उपचार चालू आहेत. डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नाही. तुमचे हे हेतू वगैरे मला आता पोकळ वाटतात.

वाटू द्या. तुम्हाला काही शिकवायची माझी प्राज्ञा नाही.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझी छळछावण्यांतून वाचले. आई, वडील, भाऊ, पत्नी सगळे गेले. अर्थ तीन वाटांनी येतो असं ते मानत: काही घडवण्यातून, कुणावर प्रेम करण्यातून, आणि जे टळणारच नाही ते आपण कसं सोसतो त्यातून. टाळता येणारं दुःख मात्र टाळावंच, हेही त्यांनी बजावलं होतं. दुखत असेल तर डॉक्टरांना पॅलिएटिव्ह (वेदना कमी करणाऱ्या) विभागाचं विचारा. दुखणं कमी करायचं शास्त्र आता पुष्कळ पुढे गेलंय, आणि ते मागण्यात हार नाही.

बाकी ज्यांनी विचारलं त्या बाई मला म्हणाल्या की रोज संध्याकाळी त्या नवऱ्याची दाढी करतात. किमोनंतर दाढी उरलेलीच नाही. तरी साबण लावतात, ब्लेड नसलेलं रेझर फिरवतात, तो गाल फुगवून देतो. मी त्यावर काही बोलले नाही.

१८. बैठकीला यायचं तर नाव नोंदवावं लागतं का? फी?

दोन्ही नाही. साडेपाचला या. खुर्च्या आतल्या खोलीत एकावर एक असतात, जो पहिला येईल त्याने लावायच्या. किल्ली खाली पानवाल्याकडे. चहाचं आम्ही आळीपाळीने करतो, पण गेल्या तीन वेळा सव्वीस वर्षांच्या मोडीवाल्यानेच केला आणि तो फार गोड करतो, तेव्हा कुणीतरी दुसरं आलं तर बरं. पावसाळ्यात खिडकीजवळची जागा गळते. बादली कपाटामागे आहे.